दिवसा येणारी झोप, डॉक्टरांची गोळी आणि आपण

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमधल्या अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघड्या राहतात. भीमजयंतीच्या निमित्ताने ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. विहारात सतरंज्या अंथरल्या जातात, आया-बहिणी चहा-पोहे करतात, शाळकरी मुलांपासून स्पर्धा परीक्षेच्या उमेदवारांपर्यंत सगळे पुस्तक उघडून बसतात. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्याच्या मुलांनी आपल्या महामानवाची जयंती पुस्तकाने साजरी करावी, याचा आम्हाला अभिमान आहे.

पण गेल्या काही काळात या पानाकडे एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. "झोप येऊ नये म्हणून मिळते ती गोळी घेतली तर चालेल का?" कुणी मित्राकडून एक पाकीट घेतलेले असते, कुणाला ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळालेले असते. दुसरीकडे अशीही माणसे भेटतात ज्यांना डॉक्टरांनी तपासून हीच गोळी लिहून दिली आहे, पण घरच्यांच्या बोलण्याने त्यांनी ती मध्येच सोडली. "झोपेसाठी कुणी औषध घेतं का? रात्री लवकर झोप, सकाळी थंड पाण्याने आंघोळ कर, सगळं ठीक होईल," असे त्यांना ऐकवले गेले.

म्हणजे ज्याला गरज नाही तो ही गोळी चोरून घेतो आणि ज्याला गरज आहे तो लाजेने टाकतो. आमचे म्हणणे या दोघांशीही आहे. दिवसा येणारी अनावर झोप हे एक लक्षण आहे. लक्षणाचे कारण डॉक्टरांनी शोधायचे असते, आणि मग औषध लागले तर ते नियमाने, निर्धास्तपणे घ्यायचे असते. ही गोळी स्फूर्तीचे टॉनिक नाही आणि कलंकही नाही.

ही गोळी नेमकी कशासाठी

आपल्याकडे या कामासाठी मुख्यतः दोन औषधे लिहिली जातात, मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल. दोन्ही एकाच जातकुळीतली. अमेरिकेत मोडाफिनिलला १९९८ साली नार्कोलेप्सी या आजारासाठी मान्यता मिळाली. २००४ साली त्यात आणखी दोन कारणांची भर पडली. पहिले, झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात मूळ उपचार चालू असूनही उरणारी दिवसाची झोप. दुसरे, पाळीच्या कामामुळे झोपेचे चक्र बिघडून होणारा आजार. युरोपच्या औषध नियामकांनी मात्र २०१० साली फायदा आणि धोका पुन्हा तोलून पाहिला आणि हे औषध फक्त नार्कोलेप्सीपुरते ठेवावे अशी शिफारस केली. जगातल्या तज्ज्ञांनी इतके जपून हाताळलेले औषध आपण अभ्यासिकेच्या बाकावर शेंगदाण्यासारखे वाटून खावे का, याचा विचार प्रत्येकाने करावा.

नार्कोलेप्सी म्हणजे काय, तेही समजून घेऊ. माणसाला जागे ठेवणारे एक रसायन मेंदूत तयार होते. बऱ्याच रुग्णांमध्ये ते बनवणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. त्यामुळे रात्री पुरेशी झोप होऊनही दिवसा झोपेचे झटके येतात. काहींना खळखळून हसताना किंवा एकदम आश्चर्य वाटले की गुडघ्यातले बळच जाते, मान लुळी पडते, हातातली वस्तू गळते. शुद्ध मात्र हरपत नाही. काहींना झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, पण अंग हलत नाही आणि छातीवर कुणी बसल्याचा भास होतो. हा आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात डोके वर काढतो.

हे वाचताना काहींना गावाकडच्या गोष्टी आठवतील. "छातीवर भूत बसलं", "बाहेरची बाधा झाली" म्हणून अशा मुलांना उतारे केले गेले, मांत्रिकाकडे नेले गेले. बाबासाहेबांसोबत धम्माचा मार्ग धरलेल्या समाजाने तरी या अंधारातून बाहेर यायला हवे. झोपेतून उठताना अंग न हलणे निरोगी माणसालाही कधीतरी होते. ते वारंवार होत असेल आणि जोडीला दिवसा अनावर झोप येत असेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांकडे जावे.

आळशी म्हणण्याआधी

वर्गात डुलक्या घेणारे मूल कुठल्याही घरातले असू शकते. पण आपले मूल डुलकी घेते तेव्हा त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरेत कधी कधी आणखी काही असते. "यांना सगळं आयतं मिळतं, कष्ट नकोत," हे वाक्य आपल्यातल्या अनेकांनी वसतिगृहात, कॉलेजात, कार्यालयात ऐकले आहे. हे ऐकत वाढलेला मुलगा स्वतःच्या झोपेला आजार समजत नाही, चारित्र्यातला दोष समजतो. तो कुणाला सांगत नाही. लपवतो. आणि लपवता लपवता कुणीतरी दिलेली गोळी गिळतो. आम्हाला सर्वांत जास्त काळजी या मुलाची वाटते.

म्हणून कुटुंबाने तरी 'आळशी' हा शब्द इतक्या सहज वापरू नये. दिवसा झोप येण्याची कारणे अनेक आहेत. सर्वांत मोठे कारण म्हणजे झोपच कमी मिळणे. एका खोलीत सहा माणसे, रात्री अकरापर्यंत टीव्ही, पहाटे चारला पाण्याची वेळ, अशा घरात कुणाची झोप पुरी होणार? दुसरे मोठे कारण झोपेत श्वास अडकणे. जोरात घोरणारा माणूस मध्येच गप्प होतो, श्वास थांबतो, मग दचकून, घुसमटून पुन्हा श्वास घेतो. रात्रीतून असे अनेकदा होते. त्याला वाटते आपण आठ तास झोपलो, पण मेंदूला विश्रांती मिळालेलीच नसते. घरात कुणी घोरत असेल तर आपण हसतो, नकला करतो. त्या माणसाला सकाळी डोकेदुखी असेल, रक्तदाब वाढलेला असेल, बसल्या जागी झोप लागत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका.

याशिवाय थायरॉइडची कमतरता, बेताल मधुमेह, नैराश्य यांनीही दिवसा झोप येते. सर्दीच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, फिट्सची, मानसिक आजाराची आणि वेदनेची काही औषधे गुंगी आणतात. दारूने तर रात्रीची झोपही बिघडते. रक्तक्षय असेल, किंवा विदर्भात आपल्या समाजात आढळणारा सिकलसेलचा आजार असेल, तर थकवा येतो. थकवा आणि झोप यांतला फरक ओळखायला हवा. थकलेल्या माणसाला पडावेसे वाटते, पण पडल्यावर डोळा लागेलच असे नाही. झोपेच्या आजारात बसल्या बसल्या, बोलता बोलता डोळा लागतो. रक्तक्षयावर जागरणाची गोळी घेतली तर रक्त वाढणार नाही, फक्त आजार झाकला जाईल.

आपली झोप किती अनावर आहे हे ताडण्यासाठी डॉक्टर एक साधी प्रश्नावली वापरतात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या एपवर्थ रुग्णालयात डॉ. मरे जॉन्स यांनी ती तयार केली आणि १९९१ साली प्रसिद्ध केली. आठ प्रसंग दिलेले असतात. वाचत बसलेले असताना, टीव्ही पाहताना, सभेसारख्या सार्वजनिक ठिकाणी गप्प बसलेले असताना, तासभर सलग गाडीत प्रवासी म्हणून बसल्यावर, दुपारी आडवे पडल्यावर, कुणाशी बसून बोलताना, दारू न घेता जेवणानंतर शांत बसल्यावर आणि गाडी रहदारीत काही मिनिटे थांबलेली असताना डुलकी लागण्याची शक्यता किती? प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. एकूण गुण २४. बेरीज दहाच्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवावे. ही प्रश्नावली निदान करत नाही, पण तपासणीची गरज आहे का ते सांगते. वहीच्या पानावर गुण लिहून डॉक्टरांकडे न्या, म्हणजे बोलणे सोपे जाईल. सोबत दोन आठवड्यांची झोपेची नोंद न्या. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, मध्ये किती वेळा जाग आली. गरज वाटली तर डॉक्टर रात्रीची झोपेची तपासणी सांगतात.

घ्यायची असेल तर अशी घ्या

डॉक्टरांनी तपासून गोळी लिहून दिली असेल तर घाबरू नका. ती नीट घेतली तर अनेकांचे शिक्षण, नोकरी आणि संसार सावरतो. मात्र पुढील गोष्टी पाळा.

पहिली गोष्ट वेळेची. या औषधाचा अंमल फार वेळ राहतो. घेतलेल्या मात्रेतला निम्मा अंश शरीरातून जायला साधारण बारा ते पंधरा तास लागतात. म्हणून दिवसा काम करणाऱ्यांनी ते सकाळी घ्यायचे असते. दुपारनंतर घेतले तर रात्री झोप येत नाही, दुसऱ्या दिवशी जास्त सुस्ती येते, मग जास्त गोळी, असे दुष्टचक्र सुरू होते. सकाळची गोळी विसरलात आणि लक्षात आले तेव्हा दुपार उलटली असेल, तर त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. रात्रपाळीच्या विकारासाठी दिलेली गोळी साधारणपणे पाळी सुरू होण्याच्या तासभर आधी घ्यायला सांगतात, पण ती वेळही तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांपासून काही लपवू नका. रक्तदाब, हृदयाचा आजार, छातीत धडधड, यकृताचा आजार, पूर्वी कधी झालेला मानसिक आजार, व्यसन, हे सगळे आधी सांगा. चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. फिट्सची कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, क्षयरोगाची रिफाम्पिसिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन यांसारखी औषधे आणि ही गोळी एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात. वैदूचे चूर्ण, जिममधली पावडर घेत असाल तर तेही सांगा. आयुर्वेदिक आहे म्हणून सांगायची गरज नाही, हा समज चुकीचा आहे.

तिसरी गोष्ट, धोक्याच्या खुणा ओळखा. डोके दुखणे, मळमळ, तोंडाला कोरड, थोडी बेचैनी हे बऱ्याच जणांना सुरुवातीला होते. त्रास टिकून राहिला तर डॉक्टरांना सांगा. पण अंगावर पुरळ उठले, तोंडात किंवा डोळ्यांत फोड आले, त्वचा सोलवटू लागली, ताप आला, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. असा पुरळ क्वचितच येतो, पण जिवावर बेतू शकतो. श्वास अडकत असेल किंवा छातीत दुखत असेल तर १०८ ला फोन करा. मन फार उधळल्यासारखे वाटणे, संशय येणे, नसलेले आवाज ऐकू येणे, जीव नकोसा वाटणे, यांतले काहीही झाले तरी गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही आहे.

चौथी गोष्ट, पहिले काही दिवस गाडी, रिक्षा, यंत्र चालवताना सांभाळा. गोळी घेतली म्हणजे झोप पूर्ण उडाली असे समजू नका. काही जणांना जागे वाटते, पण लक्ष आणि अंदाज चुकतो. दारू टाळा. चहा-कॉफी कमी करा, नाहीतर धडधड आणि हातांची थरथर वाढते.

पाचवी गोष्ट, आपली गोळी दुसऱ्याला देऊ नका, दुसऱ्याची घेऊ नका. भावाला चालली म्हणून बहिणीला चालेल असे नसते. मात्रा स्वतःहून वाढवू नका. लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आणि श्वास अडकण्याच्या आजारात रात्री मास्कने हवा देणारे यंत्र सांगितले असेल, तर गोळी मिळाली म्हणून यंत्र अडगळीत टाकू नका. गोळी झोप उडवते, अडकलेला श्वास मोकळा करत नाही. त्या आजारातला हृदयाचा आणि रक्तदाबाचा धोका तसाच राहतो.

बहिणींसाठी वेगळे चार शब्द

ही गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितली जाते, म्हणून आम्ही ती वेगळी लिहितो. मोडाफिनिल आणि आर्मोडाफिनिल यांच्यामुळे हार्मोनच्या गर्भनिरोधकांचा परिणाम कमी होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन गोळी यात येते. हार्मोनचे इंजेक्शन घेत असाल तरी डॉक्टरांना विचारा. औषध चालू असताना, आणि ते बंद केल्यानंतरही एक महिना, दुसऱ्या साधनाचा आधार घ्यावा लागतो. तांबी किंवा निरोध हे पर्याय आहेत. कोणते योग्य ते डॉक्टर किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टर सांगतील.

गर्भारपणात हे औषध घेतल्यास बाळात जन्मजात दोष राहण्याचा धोका असू शकतो, म्हणून ब्रिटन व युरोपमधील नियामकांनी गर्भवतींना ते देऊ नये असे बजावले आहे. दिवस गेले असतील, मूल हवे असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर गोळी सुरू करण्याआधीच सांगा. गोळी चालू असताना पाळी चुकली तर थांबू नका, लगेच तपासणी करा. झोपेच्या डॉक्टरांसमोर गर्भनिरोधकाचा विषय काढायला अनेकींना संकोच वाटतो. सासू सोबत असते, नवरा सोबत असतो. अशा वेळी वहीच्या चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. पण सांगा.

अठरा तासांचा खरा अर्थ

आता आपल्या विद्यार्थ्यांशी बोलू. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते ऐकूनच आपण पुस्तकाकडे वळलो. पण बाबासाहेबांच्या चरित्राची दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाही. त्यांच्या शरीराने त्या कष्टांची किंमत मोजली. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने ते अखेरच्या वर्षांत जर्जर झाले होते. १९४८ साली ते उपचारासाठी मुंबईला डॉक्टरांकडे गेले होते, आणि तेथेच डॉ. शारदा कबीर, म्हणजे आपल्या माईसाहेब, त्यांची शुश्रूषा करीत होत्या. दुखणे अंगावर काढायचे नाही, डॉक्टरांकडे जायचे, हेही आपण त्यांच्याकडून शिकायला हवे.

अठरा तासांचा उपक्रम एक दिवसाचा आहे. तो संकल्पाचा सोहळा आहे. रोजच्या अभ्यासाचे ते वेळापत्रक नाही. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते रात्रीच्या झोपेत. झोप कापून वाचलेले परीक्षेच्या हॉलमध्ये आठवत नाही, हा अनुभव कुणाला नाही? निरोगी माणसाने ही गोळी घेतल्यास बुद्धी वाढते असे सिद्ध झालेले नाही. तिने झोप उडाल्यामुळे आपण फार छान करतो आहोत असा भ्रम मात्र होऊ शकतो. पेपर लिहिताना तो भ्रम महागात पडतो.

आणखी एक धोका आहे. अभ्यासिकेत फिरणाऱ्या पाकिटात मोडाफिनिलच असेल याची खात्री काय? झोप उडवणारी दुसरीही औषधे आहेत. मिथाइलफेनिडेट हे त्यातले एक. ते अमली व मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखाली येते आणि चिठ्ठीशिवाय बाळगणे गुन्हा ठरू शकतो. एका गोळीपायी पोलिसांत नाव गेले, तर ज्या परीक्षेसाठी जागरण केले तिचाच दरवाजा बंद व्हायचा.

गोळीपेक्षा मोठा प्रश्न

पहाटे चारला रस्ता झाडायला निघणारी ताई, बारा तास गेटवर उभा राहणारा वॉचमन, रुग्णालयातली रात्रपाळीची नर्स आणि वॉर्डबॉय, मालगाडीवरचा कामगार, रात्रीची गाडी हाकणारा चालक. यांत आपली माणसे किती आहेत, ते आपल्याच गल्लीत मोजून पाहा. यांच्यातल्या अनेकांना कुठलाही आजार नाही. त्यांना झोपायला वेळ मिळत नाही, एवढेच. बारा तास काम, दोन तास प्रवास, घरचे काम, मग झोपेला उरतात चार-पाच तास. अशा माणसाला गोळी देऊन जागे ठेवणे म्हणजे त्याच्या शरीरातून आणखी चार तास उपसून घेणे आहे.

१९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाची मर्यादा आठवड्याला ५४ तासांवरून ४८ तासांवर आली. ते विधेयक मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मांडले होते. कामाचे तास ठरवणे म्हणजे विश्रांतीचे तास ठरवणे. विश्रांती हा मजुराचा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका आपण विसरता कामा नये. म्हणून ठेकेदार बारा तासांची पाळी लावत असेल, ओव्हरटाइम देत नसेल, आठवड्याची सुट्टी नाकारत असेल, तर त्याचे उत्तर औषधाच्या दुकानात नाही. ते युनियनमध्ये आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात आहे. घरच्यांनीही एवढे करावे, की रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला असेल तर पडदा ओढावा, मुलांना विहाराच्या अंगणात खेळायला पाठवावे, लाउडस्पीकरचा आवाज कमी ठेवावा. रात्रपाळीहून परतताना डोळे मिटत असतील तर दुचाकी चालवू नका, बसने या.

पाचव्या शीलाबद्दल

काही उपासक आम्हाला विचारतात, मेंदूवर काम करणारी गोळी घेतली तर पंचशीलातले पाचवे शील मोडते का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. ते शील माणसाला बेसावध करणाऱ्या नशेपासून दूर राहायला सांगते. आजारामुळे हरवलेली सावधता परत मिळवून देणारे, डॉक्टरांनी दिलेले औषध त्या शीलाच्या विरोधात कसे जाईल? भिक्खूंना लागणाऱ्या चार गोष्टींत चीवर, भोजन आणि निवाऱ्याबरोबर आजाऱ्याचे औषध हे धम्माने मानलेच आहे. पण आजार नसताना, कुणालाही न विचारता, गोळीच्या जोरावर शरीराला फसवणे हा मात्र प्रमाद आहे.

अंगुत्तर निकायात महामोग्गलान यांची एक गोष्ट येते. ध्यानाला बसले असता त्यांना डुलक्या येत होत्या. तथागतांनी त्यांना रागावले नाही, आळशी म्हटले नाही. एकेक उपाय सांगितला. विचार बदलून पाहा, शिकलेला धम्म आठव, पाठ म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मार, चांदण्यांकडे बघ, उठून येरझारा घाल. आणि एवढे करूनही झोप जात नसेल तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनात ठरवून. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात शेवटचा उपाय झोप हाच आहे. आमच्या मते डुलकी घेणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

विहाराने काय करावे

आमची सूचना साधी आहे. या जयंतीला अठरा तासांचा उपक्रम जरूर करा, पण रात्री मुलांना झोपू द्या. दोन दिवसांत विभागून अठरा तास पूर्ण केले तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही. रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या डॉक्टरांना बोलावून झोपेवर अर्धा तास बोलते करा आणि वर दिलेल्या आठ प्रसंगांवर सगळ्यांकडून गुण भरून घ्या. अभ्यासिकेच्या भिंतीवर एक ओळ लिहा, की इथे कुणीही कुणाला गोळी देणार नाही. वस्तीत कुणाला झोपेचा आजार असेल तर त्याच्या शिक्षकांना, मुकादमाला, वरिष्ठांना समजावून सांगायला दोन शिकलेली माणसे सोबत जा. डॉक्टरांचा कागद हातात असेल तर परीक्षेत, नोकरीत सवलत मागायला बळ येते.

आणि ज्याने घरच्यांच्या बोलण्याने गोळी सोडली आहे, त्याने पुन्हा डॉक्टरांकडे जावे. जुने पाकीट उघडून मनानेच पुन्हा सुरू करू नये. ज्याने मित्राकडून घेतली आहे, त्याने आज ती बाजूला ठेवावी आणि दोन रात्री पोटभर झोपून पाहावे. दोन आठवडे नीट झोप घेऊनही दिवसा डोळे मिटत असतील, तर तोही डॉक्टरांकडेच यावा. गाडी चालवताना किंवा यंत्रावर डुलकी येत असेल त्याने मात्र दोन आठवडेही थांबू नये. दवाखान्याच्या दारात या सगळ्यांची गाठ पडावी, एवढीच आमची इच्छा आहे.

जयभीम!